चपलेच्या फुलाचा सौदा

मालनआत्यानं मला फसवलं. माझ्या सख्ख्या आत्यानं, माझ्या वडिलांच्या देखत, त्यांच्याच रुमालाखाली हात घालून, मला सोळाव्या वर्षी फसवलं आणि चपलेच्या फुलाच्या झाडातला संपलेला हिस्सा माझ्या गळ्यात मारला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी आत्याच्या घराबद्दल, तिच्या हातच्या जेवणाबद्दल जे काही लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की मी तिला माफ केलंय. केलेलं नाही. लातूरला माझं भांड्यांचं दुकान आहे, ते मी एका पत्र्याच्या टपरीपासून उभं केलंय, आणि इतक्या वर्षांत एकाही व्यापाऱ्यानं मला फसवलेलं नाही. एकानं प्रयत्न केला होता, तो आता माझ्या दुकानासमोरून जाताना पलीकडच्या फुटपाथनं जातो. माझ्या हिशेबात फसवणुकीची एकच नोंद आहे आणि ती नांदेडच्या एका बाईच्या नावावर आहे, जी आज सत्त्याऐंशी वर्षांची आहे आणि विषय निघाला की ऐकू न येणारा कान माझ्याकडं करते.

सातवी झाल्यावर आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला अहमदपूरहून नांदेडला आत्याकडं शिकायला ठेवलं. आत्या आण्णांची थोरली बहीण. तिचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, रेल्वेत होते. ते गेल्यावर ती दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटीच राहायची. तिचा एकुलता मुलगा दिलीपदादा फौजेत होता आणि वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. मी गेले तेव्हा त्या घरात तीन आवाज होते. सकाळी दूरवरून गुरुद्वाऱ्यातलं कीर्तन, मग स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, आणि दिवसभर अधूनमधून इंजिनाच्या शिट्ट्या, ज्या ऐकून आत्या घड्याळ न बघता वेळ सांगायची. "परभणीची गेली बघ. ऊठ, वेणी घाल." चौथा आवाज मी आणला, असं ती म्हणायची. माझा आवाज तेव्हापासूनच मोठा. भाजीवालीशी मी घासाघीस करायला लागले की शेजारच्या बायका आपापल्या पिशव्या घेऊन बाहेर यायच्या, कारण मी पाडलेला भाव सगळ्यांना लागू व्हायचा.

आत्याच्या हातची अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकरी मी आजही विसरलेले नाही. अंबाडीत ती ज्वारीच्या कण्या घालायची आणि वरून लसणाची फोडणी अशी ओतायची की गल्लीतली मांजरं जागी व्हायची. रविवारी सुशीला असायचा; भिजवलेल्या मुरमुऱ्यांवर कांदा, शेंगदाणे, हिरवी मिरची, आणि शेवटी मूठभर डाळ्याचं कूट. मी ताट पुढं केलं की आत्या म्हणायची, "आदी रांजण." रांजण भरल्याशिवाय खायला नाही. नळ अंगणात, रांजण आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, आणि तो एवढा मोठा की सात घागरी ओतल्या तरी गळ्यापर्यंत यायचा नाही. मी घागरी मोजायची आणि कुरकुर करायची. घरात माणसं दोन, पाणी बारा जणांचं कशाला? आत्या रांजणाखाली बोट दाखवायची आणि म्हणायची, "तिसरी पाव्हणी हाय की."

ती पाहुणी म्हणजे ते चपलेच्या फुलाचं झाड, ऑर्किडची एक जात. दादाची नेमणूक मेघालयात होती. तिथं डोंगरातून रस्ता रुंद करताना दरड खाली आली, तिच्या ढिगाऱ्यात हे झाड मुळं वर करून पडलेलं त्याला दिसलं. त्यानं ते शेवाळात गुंडाळलं, दुधाच्या पावडरीच्या रिकाम्या डब्यात घातलं आणि चार दिवस रेल्वेनं मांडीवर घेऊन आणलं. (आज डोंगरातलं असं झाड उचलून आणणं गुन्हा आहे, आणि असायलाच पाहिजे. माझ्याकडं येऊन "कुठून मिळेल, जंगलातून आणवता येईल का" असं विचारणाऱ्यांना मी पाणीही विचारत नाही.) पानं हिरवी, त्यांच्यावर गडद ठिपक्यांची नक्षी, जशी एखाद्यानं ओल्या रंगावर बोटं टेकवत नेली असावीत. जांभळट पोट. खोड नाहीच. पानांचे झुबके जमिनीतूनच पंख्यासारखे फुटलेले, एकाला चिकटून दुसरा. दादानं जाताना आईला चार गोष्टी सांगितल्या होत्या: थेट ऊन नको, नळाचं पाणी नको, मुळाशी पाणी साठायला नको, आणि हिवाळ्यात गारवा लागू द्यायचा.

उन्हाळ्यात नांदेडमध्ये पत्र्याला हात लावला तर कातडी चिकटते, अशा गावात हे झाड जगवायचं म्हणजे वेडेपणाच. पण आत्यानं त्यावर तोड काढली. रांजणाची घडवंची उंच होती. झिरपणाऱ्या रांजणाचं पोट दिवसभर घामेजलेलं असायचं आणि त्याच्याखाली, भर मे महिन्यातसुद्धा, सावली आणि ओल असायची. तिथं तिनं पाहुणीला बसवलं. बुडाला भोकं पाडलेल्या मडक्यात विटांचे तुकडे, कोळसा, नारळाच्या शेंड्या आणि कडुनिंबाखालचा कुजलेला पाला. खिडकीला ओलं गोणपाट. पावसाळ्यात पन्हाळीखाली पातेली मांडून ती पाणी साठवायची आणि वर्षभर पाहुणीला तेच द्यायची. आम्ही नळाचं प्यायचो. आणि पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर झाड कुजतं हे तिच्या लक्षात आल्यावर ती रोज सकाळी देवासाठी वळलेली कापसाची कोरडी वात घेऊन बसायची आणि एकेका बेचक्यातलं पाणी टिपून घ्यायची. टिपून झालेली वात वाळत घालायची आणि संध्याकाळी तीच निरांजनात लावायची. मी एकदा म्हटलं, "आत्या, देवाला उष्टी वात?" तर म्हणाली, "देवानंच झाड केलंय ना? मग त्याच्याच घरचं पाणी हाय ते."

दोन हिवाळे काहीच झालं नाही. तिसऱ्या हिवाळ्यात, मी दहावीत असताना, सगळ्यात मोठ्या पंख्याच्या मधोमध एक चपटी, हिरवी जीभ दिसली. ती दांड्यावर चढत चढत महिनाभर उठत होती. मी अभ्यासाचं पुस्तक घेऊन रांजणाशेजारीच बसायची. आणि एका सकाळी, संक्रांतीच्या आसपास, ते उघडलं. काय सांगू! वर पांढरी टोपी, तिच्यावर हिरव्या रेघा अशा सरळ की पट्टीनं ओढल्यासारख्या. दोन बाजूंना तांबूस पाकळ्या, त्यांच्यावर काळे, केसाळ तीळ. आणि खाली, पुढं आलेली, पिवळसर हिरव्या शिरांचं जाळं असलेली एक पिशवी, अगदी लहान बाळाच्या जोड्याचा चवडा. मी किंचाळले. आत्या पीठ मळत होती, तशीच कणकेच्या हातांनी धावत आली आणि जमिनीवर फतकल मारून बसली. मग म्हणाली, "दिल्या, बघ रे बाबा, जगवलं मी." दिल्या तेव्हा हजार कोसांवर होता.

त्यानंतर दोन महिने आमच्या घराला दार नव्हतं म्हणा. कारण ते फूल दोन महिने टिकलं. रोज कुणी ना कुणी बघायला. समोरच्या काकूंनी तर मेणाचं आहे म्हणून नख लावलं. आत्यानं त्यांचा हात धरून बाजूला केला आणि नंतर पाच दिवस त्यांच्याशी बोलली नाही. "आगं बया, हे तर जोडं हाय!" असं म्हणून एकजण हसत सुटली. दुसरीनं विचारलं, "मालनबाई, येवढं टिकतंय तर महादेवाला कामून वाहत न्हाई तुमी?" आत्या म्हणाली, "महादेवाला चप्पल काय करायची? तो कुटं बाजारला जाणार हाय?" सगळ्यांना चहा व्हायचा. एरवी साखर मोजून घालणारी आत्या त्या दिवसांत मुठीनं साखर घालायची. त्या दोन खोल्यांत एवढी माणसं आणि एवढं हसणं मी आधी पाहिलं नव्हतं, आणि आत्यानंही मामा गेल्यापासून पाहिलं नसावं.

मार्चमध्ये माझी परीक्षा संपली आणि आण्णा मला न्यायला आले. इथं आण्णांचा धंदा सांगायला पाहिजे. ते बैलबाजारातले दलाल. विकणारा आणि घेणारा यांच्यामध्ये ते बसायचे, खांद्यावरचा रुमाल हातांवर टाकायचे, आणि त्या रुमालाखाली बोटं धरून, दाबून, सोडून सौदा व्हायचा. वर सगळे पावसापाण्याच्या गप्पा मारायचे. आकडा मात्र बघ्यांपैकी कुणाला कळायचा नाही. मी सहा वर्षांची असल्यापासून आण्णा मला ते शिकवत होते. बैलाचा ओठ वर करून दात कसे बघायचे, दोन दाती कुठला, चार दाती कुठला, सगळे दात जुळलेला म्हणजे कामाला तयार, आणि झिजलेले दात म्हणजे कितीही शिंगं रंगवली तरी म्हातारा, हे मला पाढ्यांच्या आधी यायचं. "बैलाच्या अंगाकडं बघू नको विमे," आण्णा म्हणायचे, "दात बघ. अंग खोटं बोलतंय."

तर बॅग भरून झाल्यावर मी आत्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "झाडाची वाटणी कर. तीन वर्षं रांजण मी भरलाय."

आत्यानं माझ्याकडं पाहिलं, मग आण्णांकडं. "बघ रे, तुझी लेक वाटणी मागून राहिली."

"माग म्हणावं," आण्णा म्हणाले. त्यांना मजा वाटत होती. "पर फुकट कशाला देती, अक्का? सौदा कर." आणि त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढून आमच्या दोघींच्या हातांवर टाकला.

मडक्यात पाच पंखे होते. मोठा, फूल असलेला, आणि त्याच्या कडेनं फुटलेले चार लहान. मी रुमालाखाली आत्याची तीन बोटं धरली. तिनं एक सोडवून घेतलं: दोन. मी पुन्हा तीन. तिनं पुन्हा दोन, आणि वरून गप्पा, "अहमदपूरला शेंगदाणा कसा हाय औंदा?" आण्णा तिला शेंगदाण्याचं सांगत होते आणि मी घामाघूम. मग मला सुचलं. मी बोटं सोडून तोंडानंच म्हटलं, "एकच दे. पण फुलाचा." मला वाटलं, मी केवढी चाल खेळले. तयार जनावर घेतेय, वासरं हिला ठेवतेय. आत्याचा चेहरा पडला. असा पडला की मला वाईट वाटलं! "आगं तोच तर येक हाय," ती म्हणाली, "तो न्हाई देता यायचा." मी हट्टाला पेटले. ती मागं सरली, डोळ्यांना पदर लावला, आणि शेवटी म्हणाली, "ने मग. पर माझी बी अट हाय. दर उन्हाळ्यात महिनाभर यायचं आन रांजण भरायचा. जवर मी जित्ती हाय तवर." मी तिच्या तळहातावर तळहात मारला. आण्णांनी रुमाल उचलला. ते हसत होते, आणि मला वाटलं ते माझ्या हुशारीवर हसताहेत.

अहमदपूरला आठ दिवसांत फूल गळलं. मी काळजी केली नाही. पुढच्या हिवाळ्यात येईल. आईनं माझ्यासाठी माठाखालची जागा रिकामी करून दिली. मी झाडाची सेवा अशी केली की आमच्या घरी कुणाची झाली नसेल. आमचे लोक हळदीला, उसाला बुडाशी मातीची भर घालतात, तशी मी दर महिन्याला त्याच्या बुडाशी मातीची भर घातली, चांगली दाबून. उन्हाळ्यात अट म्हणून नांदेडला जाऊन महिनाभर सात सात घागरी ओतल्या. आत्याचे चार पंखे तिथं नुसती पानं घेऊन बसलेले. मी मनात म्हणायची, बघ, बसली वासरं सांभाळत. पुढचा हिवाळा आला आणि गेला, माझ्याकडं फूल नाही. त्याच्या पुढच्या हिवाळ्यात येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, दिवशी आम्ही सगळे शेतात होतो, कडब्याच्या खोपीत पूजा झाली होती, भज्जी आणि आंबिल वाढून झालं होतं, आणि आण्णा, जे आदल्याच दिवशी नांदेडहून आले होते, भाकरी मोडता मोडता सहज म्हणाले, "अक्काकडं तीन चपला फुलल्यात बघ औंदा. काय दिसतंय!"

माझ्या हातातलं आंबिलाचं मडकं तसंच राहिलं. "तीन?"

"तीन. आन चौथीला कळी."

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी निघाले, मडकं मांडीवर घेऊन. वाटेत लोह्याच्या थांब्यावर कंडक्टर म्हणाला, "ताई, ते खाली ठेवा," तर त्याला मी असं काही बोलले की पुढं नांदेडपर्यंत त्यानं माझ्याकडं पाहिलं नाही. आत्याच्या दारात चपला न काढता मी ओरडले, "तू मला फसवलंस!"

रांजणाखाली खरंच तीन फुलं होती. तीन टोप्या, तीन जोडे, एकमेकांकडं बघून गप्पा मारणाऱ्या बायकांसारखी. आत्या सुशीला परतत होती. तिनं वळूनही पाहिलं नाही. "ये. रांजण भर आदी."

"माझं कामून फुलत नाही ते सांग!"

"ते न्हाई फुलायचं. येकदा फुललेला पंखा पुन्ना कदी फुलत न्हाई, बाई. बाजूचे फुलतेत." ती हे असं म्हणाली की जणू आज सोमवार आहे.

"तुला तेव्हा माहीत होतं?"

"दिल्यानं चिठ्ठीत लिवलं हुतं की. फूल उगवलं म्हनून मी त्याला कळवलं, त्याचा जवाब आला." तिनं कढई उतरवली. "तुला तरी ठाऊक पायजे. बैलाचा दात बघती, आन झाडाचा बघायचा कामून इसरलीस?"

मी रडले. रागानं रडले, हे नोंदवून ठेवते. आत्यानं मला ताट दिलं, रांजण न भरता दिलं, हे त्या घरात पहिल्यांदाच घडलं. मी खात असताना तिनं माझं मडकं ओढून घेतलं, बोटानं वरची माती उकरली आणि शिव्या घालायला लागली. "येवढी माती? येवढी? आगं, ही काय हळद हाय का? जीव गुदमरला की तिचा!" तिनं सगळी भर काढून परातीत टाकली, आणि बुडाशी, पिवळा पडलेला, ज्वारीच्या दाण्याएवढा एक कोंब निघाला. त्याच्या शेजारी दुसरा, कुजलेला. आत्यानं नवी वात घेतली आणि जिवंत कोंबाच्या भोवतीची ओल टिपली. "हा जगंल," ती म्हणाली. "म्हाताऱ्या पंख्यानं जाता जाता ठेवलाय तुझ्यासाठी. आता तरी नीट बघ."

तो जगला. आज लातूरच्या माझ्या घरी, गच्चीवर हिरव्या जाळीखाली, कूलरच्या गार झोतात चाळीसवर कुंड्या आहेत. सगळ्या त्या एका कोंबाच्या. दुकानात मी पितळी डब्यासाठी अर्धा तास भांडते, पण या कुंड्यांतली एकही मी आजवर विकलेली नाही. जी दिली ती भेट दिली, आणि देताना प्रत्येकाला दात कुठं बघायचे ते सांगून दिली. हिवाळ्यात सगळ्या एकदम फुलल्या की माझी नात म्हणते, आजी, गच्चीवर लग्न आहे, सगळ्यांनी जोडे काढून ठेवलेत. मी हसते. त्या दिवसांत मला राग येत नाही. राग उन्हाळ्यात येतो.

कारण दर उन्हाळ्यात मी नांदेडला जाते. पंचेचाळीस वर्षं, माझ्या लग्नाच्या वर्षी, मुलं झाली त्या वर्षी, दुकान जळता जळता वाचलं त्या वर्षीसुद्धा. आधी महिनाभर, आता आठ दिवस. दिलीपदादा फौजेतून येऊन आत्याजवळ राहिला, त्यानं पाण्याचं मशीन बसवलं, तरी आत्याला रांजण लागतो आणि तो माझ्याच हातानं भरलेला लागतो. मी घागर ओतताना दर वर्षी एकच प्रश्न विचारते, आणि ती म्हणते, "पुढच्या उन्हाळ्यात ये, सांगते." असा सौदा मी माझ्या दुकानात कुणाला करू दिला नसता.

दादा, मी लिहिलेलं हे सगळं तू तिला वाचून दाखव. उजव्या कानाशी बस, डावा ती सोंगाला वापरते. आत्या, माझी तक्रार ऐक. रुमालाखाली तू दोन बोटांवर अडून बसलीस, चेहरा पाडलास, डोळ्यांना पदर लावलास, ते सगळं त्या चार पंख्यांसाठी होतं, की झाडाचं नाव पुढं करून तुला त्या रिकाम्या घरात दर उन्हाळ्याला मला बोलवायचं होतं? झाडासाठी फसवलं असशील तर मी सोडून देते. दुसऱ्या गोष्टीसाठी फसवलं असशील तर त्याची काही गरज नव्हती, मी अशीही आले असते, आणि तुला मी हवी होते हे तू मला पंचेचाळीस वर्षं कळू दिलं नाहीस. मे महिन्यात मी येतेय. पहिली घागर दारातच खाली ठेवणार आहे. पुढचा उन्हाळा चालणार नाही. कान फिरवू नकोस. उत्तर दे.